सहस्रचंद्रदर्शन: नेमका दिवस कसा काढायचा आणि सोहळा आजोबांना झेपेल असा कसा आखायचा?

मैत्रेयी

नमस्कार मंडळी. घरातल्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरतंय. जन्मतारीख १४ ऑगस्ट १९४५. जन्मटिपण आणि शाळेचा दाखला दोन्हींवर तीच आहे, त्यामुळे तारखेची शंका नाही. प्रश्न पुढचे आहेत.

१. हजार पौर्णिमा नेमक्या कधी पूर्ण होतात? कोणी ८० वर्षं ८ महिने सांगतं, कोणी ८१ पूर्ण, तर कोणी ८३ वर्षं ४ महिने. यातलं बरोबर कोणतं?
२. शांती आणि होम करायचा आहे, पण गुडघ्यांमुळे पाटावर बसणं शक्य नाही. कानाला यंत्र आहे. धुराने खोकला येतो.
३. गुळाची तुला करावी असं घरच्यांच्या मनात आहे. ती सुरक्षितपणे कशी करतात?
४. पाहुणे साधारण १५० होतील. मानपत्रही द्यायचं आहे.

ज्यांना यातली माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

पंचांगप्रेमी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३०५९ दिवस जातात. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा क्रमांक १ धरली, तर हजारावी तिच्यानंतर ९९९ चांद्रमासांनी येते, म्हणजे २९,५०१ दिवसांनी. ८० वर्षांचे दिवस २९,२२०. राहिले २८१. सोपी रीत अशी: जन्मानंतरच्या पहिल्या पौर्णिमेची तारीख काढा, तिच्यात ८० वर्षं मिळवा आणि वर २८१ दिवस मोजा. प्रत्येक चांद्रमास सारख्या लांबीचा नसतो, त्यामुळे एखादा दिवस मागेपुढे होऊ शकतो. शेवटी पंचांगात पौर्णिमा पाहून नक्की करायचं.

तुमच्या बाबतीत जन्मानंतरची पहिली पौर्णिमा २३ ऑगस्ट १९४५ ची. २३ ऑगस्ट २०२५ च्या पुढे २८१ दिवस मोजले की ३१ मे २०२६ येते, आणि त्या दिवशी पौर्णिमाच आहे. हजारावा पूर्णचंद्र तोच.

आता बाकीचे आकडे कुठून आले ते. ८३ वर्षं ४ महिने म्हणजे १००० सौर महिने. यात अधिक मास धरलेलेच नाहीत. तोवर प्रत्यक्षात १०३० च्या आसपास पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात. हा हिशेब सोडून द्या. ८० वर्षं ८ महिने हा रूढ आकडा आहे, पण ठोकळ आहे. तेव्हा ९९७-९९८ पौर्णिमा भरतात, दोनतीन कमी पडतात. ८१ पूर्ण झाल्यावर केलं तर हजार नक्कीच उलटलेल्या असतात, म्हणून ज्यांना मोजणी करायची नाही ते तो दिवस धरतात. त्यात काही वावगं नाही.

पण तुमच्या तारखेत एक मेख आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. म्हणजे हजारावी पौर्णिमा अधिक मासात पडते आणि बरेच गुरुजी अधिक मासात शांती करत नाहीत. पुढची पौर्णिमा निज ज्येष्ठातली, म्हणजे अधिक मासानंतरच्या नेहमीच्या ज्येष्ठातली, २९ जूनला. त्या दिवशी वटपौर्णिमा असल्याने गुरुजी मिळणं कठीण, आणि पावसाचे दिवस असल्याने चंद्र दिसेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही वेगळं करा. ३१ मे रोजी संध्याकाळी फक्त घरच्यांनी आजोबांना चंद्र दाखवावा, दुधाचा नैवेद्य दाखवावा. शांती आणि सोहळा निज ज्येष्ठात गुरुजी सांगतील त्या दिवशी करावा. हजारावा चंद्र डोळ्यांनी पाहणं हाच या सगळ्याचा गाभा आहे आणि नेमका तोच कित्येक घरांत हॉल, केटरर आणि फोटोच्या गडबडीत राहून जातो. याचं फार वाईट वाटतं.

चंद्र त्या दिवशी सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात, सात-साडेसातच्या सुमारास उगवेल. उन्हाळ्यातला पूर्णचंद्र आग्नेयेला उगवतो आणि रात्रभर दक्षिणेकडे कमी उंचीवरूनच जातो. खिडकी उत्तरेला असेल किंवा दक्षिणेला उंच इमारत असेल तर घरातून दिसणार नाही. एप्रिल-मेच्या पौर्णिमेला जागा पाहून ठेवा: कुठून दिसतो, किती वाजता छपरांच्या वर येतो, तिथे खुर्ची नेता येते का. गच्चीचा जिना चढवणार असाल तर उतरतानाही दोन माणसं सोबत हवीत. एक पुढे एक पायरी खाली, एक मागे.

उपाध्ये

शांतीबद्दल.

वयोवस्थेच्या शांती बऱ्याच आहेत: साठाव्या वर्षी उग्ररथ, पंचाहत्तराव्या ऐंद्री, ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन, पंच्याऐंशीला रौद्री, नव्वदीला कालस्वरूप. सगळ्यांचा सांगाडा जवळपास सारखा असतो. गणेशपूजन, पुण्याहवाचन, मातृकापूजन, नांदीश्राद्ध, आचार्यवरण, कलशावर मुख्य देवतेची आणि ग्रहांची स्थापना, होम, बलिदान, पूर्णाहुती, अभिषेक, आज्यावलोकन (तुपात चेहरा पाहणं), दान, आशीर्वाद. तीन ते चार तास सहज लागतात.

एवढा वेळ आजोबांना बसवून ठेवू नका. सुरुवातीच्या संकल्पाला दहा मिनिटं आणि शेवटी अभिषेकापासून आशीर्वादापर्यंत अर्धा तास, एवढीच त्यांची उपस्थिती पुरते. मधलं सगळं मुलगा किंवा मुलगी त्यांच्या वतीने करू शकते. गुरुजींना हे आधीच, ठरवायला जाल तेव्हाच सांगा. ऐन वेळी सांगितलं की मांडणी बदलावी लागते आणि चिडचिड होते.

पाटाचा हट्ट नको. हातांची खुर्ची घ्या, बसायची जागा जमिनीपासून ४५ ते ४८ सेंमी. चौरंग त्यांच्या समोर हवा असेल तर तो टेबलावर चढवा. उंची त्यांच्या कोपरापाशी आली की वाकावं लागत नाही.

धूर होतो तो मुख्यतः ओल्या समिधांमुळे आणि कुंड गच्च भरल्यामुळे. समिधा आणि गोवऱ्या पंधरा दिवस आधी आणून उन्हात टाका. कुंड लहान घ्या, समिधा थोड्या थोड्या घाला, तूप कमी पडू देऊ नका. ज्वाला राहिली की धूर कमी, विझत आली की धूर जास्त. पंखा बंद ठेवतात, म्हणून खिडक्या समोरासमोरच्या उघडा आणि आजोबांची खुर्ची वारा येतो त्या बाजूला ठेवा. घरात ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असेल तर होम दुसऱ्या खोलीत किंवा अंगणात. नळी लावलेल्या माणसाच्या तीन मीटरच्या आत निरांजनसुद्धा नको.

अभिषेकाला कलशातलं पाणी दूर्वांनी, आंब्याच्या डहाळीने शिंपडतात. पाणी कोमट करून घ्या आणि भांडंभर डोक्यावर ओतू नका. त्याआधी कानातलं यंत्र काढून डबीत ठेवायचं आणि ती डबी एकाच ठरलेल्या माणसाच्या खिशात. यंत्र ओलं होतं, नाहीतर उपरण्याबरोबर धुण्यात जातं. दोन्ही नेहमी घडणाऱ्या गोष्टी आहेत. अंग पुसून कोरडे कपडे घालून झाले की लगेच यंत्र परत लावा, म्हणजे आशीर्वादाचे मंत्र ऐकू येतील.

दानाबद्दल थोडक्यात: गाय, भूमी, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी, मीठ ही दशदानं. गाय आणि भूमीऐवजी यथाशक्ती द्रव्य देतात. सगळी दिलीच पाहिजेत असं नाही.

सेवाव्रती

उपाध्येकाकांनी शांतीचं लिहिलंय. मी वयोवृद्धांच्या शरीराच्या बाजूने लिहिते, कारण सोहळ्यातले अपघात बहुतेक टाळता येणारे असतात.

पहिली गोष्ट नमस्काराची रांग. १५० माणसं, प्रत्येकी २० सेकंद धरली तरी ५० मिनिटं होतात, आणि २० सेकंदांत कोणाचंच भागत नाही. एकेकट्याऐवजी एकेक कुटुंब एकत्र पाठवा. चाळीस कुटुंबं, प्रत्येकी ४५ सेकंद, म्हणजे अर्धा तास. तोही दोन भागांत, मध्ये पंधरा मिनिटांची विश्रांती. रांगेच्या तोंडाशी घरातला एक जाणता माणूस उभा करा, जो प्रत्येकाचं नाव आणि नातं आजोबांच्या कानाशी स्पष्ट सांगेल. "ओळखलंत का मला?" हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नका. ऐंशीच्या पुढच्या माणसाला चारचौघांत नाव आठवलं नाही तर तो दिवसभर मनाला लावून घेतो.

पायांना हात लावताना: सुजलेल्या, मधुमेहाच्या पायांची कातडी पातळ असते, अंगठीने किंवा बांगडीनेही सोलवटते. मोजे घालून पाय लहान चौरंगावर ठेवा, आणि लोकांना चौरंगाला हात लावून नमस्कार करायला सांगा. मिठी मारणाऱ्यांना आधीच आवरा. हाडं ठिसूळ असतील तर जोराच्या मिठीनेही बरगडी दुखावते.

हार हलका, तुळशीचा किंवा एकपदरी, आणि एकच. झेंडूचा जाड ओला हार सहज किलोभर भरतो आणि मानेच्या मणक्यावर ओढ येते. बाकीचे हार टेबलावर ठेवायचे. शाल पांघरली की खांद्यावरून घसरून चाकाच्या खुर्चीत अडकते, म्हणून फोटो झाला की लगेच घडी करून बाजूला.

औक्षणात अक्षता डोक्यावर हळू ठेवायच्या, फेकायच्या नाहीत. त्या डोळ्यात जातात, कानाच्या यंत्रात अडकतात. ८१ दिव्यांनी ओवाळायचं असेल तर सगळे एका ताम्हनात ठेवू नका. ते जड होतं, वरून इतकी धग येते की ओवाळणाऱ्याचा हात थरथरतो, आणि समोर धोतर-उपरण्यातला माणूस बसलेला असतो. हातातल्या ताम्हनात पाच निरांजनं, बाकीचे दिवे दीड-दोन मीटर लांब टेबलावर मांडायचे. लहान पणतीत साधारण १० मिली तेल मावतं, ८१ पणत्यांना पाऊण-एक लिटर. वाती आदल्या रात्री तेलात भिजवा, म्हणजे लावताना एकामागून एक पेटतात. पहिल्या पणत्या विझेपर्यंत शेवटच्या लागतच नाहीत, असं होत नाही.

पेढा भरवताना पूर्ण पेढा तोंडात कोंबू नका. कवळी असेल तर कोरडा पेढा टाळूला चिकटतो आणि ठसका लागतो. वाटाण्याएवढा तुकडा, नंतर घोटभर पाणी, मग पुढचा माणूस. भरवणारे तीनच ठरवा.

स्पीकर त्यांच्या मागे किंवा बाजूला नको. कानाचं यंत्र सगळेच आवाज मोठे करतं, त्यामुळे ढोल-ताशा जवळ वाजला तर ते बहुतेक वेळा यंत्र काढूनच टाकतात आणि मग स्वतःच्याच सत्काराचं एक अक्षर ऐकू येत नाही. भाषणं तीन, प्रत्येकी चार मिनिटं, आणि बोलणाऱ्याने श्रोत्यांकडे नव्हे, आजोबांकडे तोंड करून बोलायचं, म्हणजे त्यांना ओठ दिसतात.

वेळ सकाळी १० ते १२. जेवण त्यांच्या रोजच्या वेळेला, पंगतीच्या वेळेला नाही, गोळ्याही तशाच. लघवीच्या गोळ्या सकाळी चालू असतील तर त्या दिवशी वेळ बदलायची का, हे डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. कमोडचं स्वच्छतागृह बसण्याच्या जागेपासून वीसेक पावलांत हवं आणि दर दीड तासाने स्वतःहून विचारायचं, कारण कार्यक्रम अडू नये म्हणून ते सांगत नाहीत. जेवणानंतर या वयात रक्तदाब उतरतो, उठताना भोवळ येते. तासभर आडवं होऊ द्या. त्यानंतर कोणी उशिरा आलं तर त्यांनी थांबावं.

आणि सगळ्यात आधी आजोबांना विचारा की त्यांना काय हवंय. दीडशे माणसं हवीत का पंचवीस, तुला हवी का नको. त्यांनी नको म्हटलेली गोष्ट त्यांच्याच सन्मानासाठी करणं बरोबर नाही.

सुलेखा_क

वर आलं नाही म्हणून एकच मुद्दा. हा सोहळा बाईचाही तितकाच असतो, आणि नवरा हयात नसला तरी असतो. विधवा आजीला औक्षण नाही, कुंकू नाही, हे चालवून घेऊ नका. हजार चंद्र तिनेही पाहिलेत. ओवाळायला फक्त सवाष्णी हव्यात असा आग्रह झाला तर घरातल्या विधवा बहिणीला, सुनेला मागे उभं राहावं लागतं आणि तिचा अपमान होतो. ओवाळणाऱ्यांची नावं आधी ठरवताना त्यांची नावं पहिली लिहा. पत्रिकेत 'गं. भा.' न छापता 'श्रीमती' छापा. आणि शब्द 'अभीष्टचिंतन' असा आहे, भी दीर्घ. छापखान्यात ऱ्हस्व पडतो, मुद्रित नीट वाचून घ्या.

भीमाकाठ

तुला आणि मानपत्र.

लटकता तराजू बांधून एका पारड्यात वृद्धाला बसवणं धोक्याचं आहे. पारडं हलतं, दुसरीकडे ढेप ठेवताना एकदम वर उचललं जातं, उतरवताना समोरचं पारडं आपटतं. त्याऐवजी चार दिवस आधी घरी सपाट वजनकाट्यावर वजन घ्या. उभं राहता येत नसेल तर चाकाच्या खुर्चीसकट धान्याच्या मोठ्या काट्यावर घ्या आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करा. समजा ५४ किलो भरलं. मग १० किलोच्या पाच ढेपा आणि एक-एक किलोच्या चार. कार्यक्रमात सजवलेल्या टेबलावर त्या ढेपा मांडून ठेवायच्या, शेवटची एक किलोची ढेप आजोबांच्या हातून ठेवायची. सगळ्यांना दिसतं, आणि त्यांचा हातही लागतो.

गूळ कोणाला द्यायचा ते आधी ठरवा आणि त्या संस्थेला विचारा. ५४ किलो गूळ पावसाळ्याच्या तोंडावर ठेवायला कोरडी जागा नसेल तर पाघळतो, मुंग्या लागतात. वसतिगृह किंवा अन्नछत्र असेल तर महिनाभरात संपतो. पुस्तकांची तुला करायची असेल तर दहा पुस्तकं तोलून सरासरी काढा. २७० ग्रॅमची पुस्तकं धरली तर ५४ किलोला २०० लागतील. वाचनालयाकडून हवी असलेल्या पुस्तकांची यादी मागून घ्या, घरातली रद्दी देऊ नका.

मानपत्र दीडशे ते दोनशे शब्दांचं, मोठ्याने वाचायला दोन मिनिटं लागतील एवढं. त्यात विशेषणं कमी आणि कामं जास्त. 'प्रेमळ, कष्टाळू, शिस्तप्रिय' हे कोणालाही लागू पडतं. कोणत्या साली कोणती विहीर खणली, किती जणांना शिकवलं, कोणाच्या अडचणीला उभे राहिले, हे त्यांचंच असतं. साल आणि नावं त्यांच्याकडून आणि त्यांच्या वयाच्या दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या. सगळ्यात मोठी चूक भूतकाळाची. 'ते अत्यंत शिस्तप्रिय होते, गावावर त्यांचं प्रेम होतं' असं वाचलं की ती श्रद्धांजली होते, समोर बसलेल्या माणसाला ते टोचतं. 'आहेत', 'आहे' लिहा. अक्षर मोठं ठेवा, त्यांना चष्म्याने स्वतः वाचता आलं पाहिजे. चकचकीत काचेच्या चौकटीत प्रकाश परावर्तित होतो आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून साधा जाड कागद बरा.

पंचांगप्रेमी

दोन पुरवण्या, इतरांना उपयोगी पडतील म्हणून.

ज्यांच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख आहे त्यांनी ती खरी मानून पौर्णिमा मोजू नयेत. शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट १ जून लिहिलेली असते. जन्मटिपणात शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सन काढायला त्यात ७८ मिळवा, जन्म जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर ७९. टिपण नसेल तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्मनोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागता येते. अनेक जुन्या नोंदी मोडीत आहेत, वाचणारा सोबत न्या.

शंभरीच्या सोहळ्यात 'शंभराव्या वर्षात पदार्पण' आणि 'शंभर वर्षं पूर्ण' यांत वर्षाचा फरक असतो. पत्रिकेत जे असेल ते स्पष्ट लिहा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, आणि टपाल खात्याने त्यांच्यावरचं तिकीट काढलं ते १८ एप्रिल १९५८ ला, शंभर पूर्ण झाले त्या दिवशी. भारतरत्नही त्याच वर्षी. ते त्यानंतर चार वर्षं जगले, नोव्हेंबर १९६२ पर्यंत.

आजोबा केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक असतील तर ८० पूर्ण होतात त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के वाढ लागू होते. पुढे ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. निवृत्तिवेतन आदेशावर जन्मतारीख नसेल किंवा चुकीची असेल तर बँक ती आपोआप देत नाही, तपासून अर्ज करा. ८० च्या पुढच्यांना हयातीचा दाखला नोव्हेंबरची वाट न पाहता १ ऑक्टोबरपासून देता येतो.

मैत्रेयी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबांना विचारलं. तुला हवी, ती पुस्तकांची, आणि माणसं साठच. ३१ मे चा चंद्र घरी पाहायचा हे त्यांना फार आवडलं. उपाध्येकाका, एक राहिलं. आज्यावलोकनाला तूप किती लागतं? त्यात चेहरा खरंच दिसतो का?

उपाध्ये

दिसतो, तयारी नीट असेल तर. काशाची पसरट वाटी घ्या, सुमारे १४ सेंमी रुंद, आतून चिंच-मिठाने घासून कोरडी केलेली. त्यात एक सेंमीचा थर हवा, म्हणजे दीडशे मिली तूप. तूप वितळवून, गाळून घ्या आणि अंगाला सोसेल एवढं कोमट असताना वापरा. गार होऊन कडेला कण धरू लागले की पृष्ठभाग धूसर होतो आणि चेहरा दिसत नाही. पावसाळी हवेत हे पटकन होतं, म्हणून वाटी ऐन वेळेपर्यंत गरम पाण्याच्या परातीत ठेवा.

डोक्यावरचा दिवा बंद करा, नाहीतर तुपात चेहऱ्याऐवजी दिवाच दिसतो. प्रकाश समोरून, चेहऱ्यावर पडला पाहिजे. वाटी आजोबांना वाकायला न लावता त्यांच्या छातीच्या उंचीवर, दोन्ही हातांनी स्थिर धरायची. तूप हलायचं थांबेपर्यंत पाच-सात सेकंद लागतात, तेवढं थांबा. चष्मा आधी पुसून ठेवा.